बिनझाकणाची बरणी

माझ्या घरात सध्या माणूस एक आहे आणि काचेच्या बरण्या पुष्कळ आहेत. कॉफीच्या, जामच्या, मधाच्या, विकतच्या लोणच्याच्या. यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या नाहीत, गल्लीतल्या लोकांच्या आहेत. त्या माझ्याकडे का अडकल्या हे सांगायचं तर आधी आमच्या गल्लीच्या दोन रीती सांगाव्या लागतील.

आम्ही खासबागेतले. विणकरांची गल्ली. पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत माणसं, अशी सगळी घरं. हल्ली निम्मे माग बंद पडलेत, पण रीती चालू आहेत. पहिली रीत अशी, की एका घरातून दुसऱ्या घरात काही खायचं गेलं तर भांडं रिकामं परत जात नाही. त्यात काहीतरी घालून द्यायचं. काय घालायचं हे ज्याच्या त्याच्या घरावर. शेवग्याच्या चार शेंगा, मूठभर शेंगदाणे, कढीपत्ता, काही नसेल तर निदान गुळाचा खडा. स्टीलच्या डब्यावर नाव कोरून घेता येतं, काचेच्या बरणीवर कोण कोरणार? म्हणून आमच्याकडच्या बायकांनी बरणीच्या गळ्याला आपापल्या घरचा धागा बांधायचं ठरवून टाकलं. मागावर उरलेल्या सुताला तोटा नव्हताच. समोरच्या आक्कांचा धागा जांभळा, कोपऱ्यावरच्या घराचा हिरवा, आमचा हळदीच्या रंगाचा. गळ्यातला धागा बघितला की बरणी कुणाची ते कळतं.

दुसरी रीत कुणी शिकवत नाही, ती आपोआप कळते. काही निमित्त नसताना कुणाच्या घरी जाऊन बसायचं नाही. मागावरचा माणूस तासाला किती विणतो त्यावर त्याचं घर चालतं. बायका कांड्या भरत असतात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळत असतात. त्यांच्यात जाऊन नुसतं बसलं तर दोघांचंही काम बुडतं, आणि गल्ली नावं ठेवते ती वेगळीच. जायचं असेल तर हातात काहीतरी लागतं.

माझी बायको होती तोवर या दोन्ही रीतींचा माझ्याशी काही संबंध नव्हता. मी मागावर असायचो. माग चालू असला की आमच्या घरात बोलता येत नसे. धडधड इतकी, की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. त्यामुळे आमचा संसार हातवाऱ्यांवर चालला. तिनं अंगठा तोंडाकडे नेला की चहा. पदर डोक्यावर ओढल्यासारखं केलं की बाजाराला निघालीय. मी दोन बोटं फिरवली की कांड्या संपल्यात. भांडणसुद्धा आम्ही तसंच करायचो आणि ते लवकर मिटायचं, कारण हातांनी टोमणा मारता येत नाही.

करंट गेला की गल्ली बोलायला लागायची. सगळे माग एकदम थांबायचे आणि बायका उंबऱ्यावर यायच्या. लोडशेडिंगच्या नावानं मी बोटं मोडत बसायचो, आणि ही मात्र कांडीचा चरखा बाजूला सारून अशी चटकन उठायची, की जणू कुणी हाक मारलीय. करंट आला की परत आत. तिला गप्पा आवडतात एवढंच मी तेव्हा समजून होतो.

तिच्या स्वयंपाकघरात एक गोष्ट मला कायम खटकायची. बरण्यांच्या फळीवर एक तरी बरणी नेहमी बिनझाकणाची असायची. वर वाटी पालथी घातलेली. मी यंत्रावर काम करणारा माणूस, प्रत्येक बोल्टला त्याचा नट लागतो असं मानणारा. जेवायला बसलं की माझी नजर त्या वाटीवर जायची.

"हिचं झाकण कुटं गेलं?"

"येईल," ती म्हणायची.

"येईल म्हंजे? झाकणाला पाय हायत व्हय?"

"हायत," म्हणायची आणि भाकरी वाढायची.

आणि खरंच, दोन दिवसांनी त्या बरणीला झाकण असायचं. मग दुसऱ्याच बरणीवर वाटी आलेली असायची. मी मुलीला सांगायचो, तुझी आई डोकं कुठंतरी ठेवून येते आणि झाकणंही. मुलगी आता निपाणीला दिलीय. ती हसायची. हिला विसराळू म्हणून चिडवणं हा आमच्या घरातला जुना खेळ होता, आणि ती काही तो मनावर घेत नसे.

तिला जाऊन आता वर्ष उलटून गेलं. आजाराचं वर्णन करत नाही, सगळे आजार शेवटी एकाच ठिकाणी नेतात. पाहुणे आले, दिवस झाले, पाहुणे गेले. मुलगी पंधरा दिवस राहिली आणि मग तिलाही तिचं घर होतं. त्यानंतर बरण्या यायला लागल्या.

पहिली समोरच्या आक्कांची. त्या माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहानच असतील, पण सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्यांच्याकडे मुलगा, सून, नातवंडं, एक चालू माग, सगळं आहे. त्यांनी मधाच्या मोठ्या बरणीत जवसाची चटणी आणून दिली. दारातच उभ्या राहिल्या. "अण्णा, भाकरीसंगं लागंल," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. बायको असती तर त्या आत येऊन चौकटीला टेकून बसल्या असत्या. आता एकट्या पुरुषाच्या घरात कशाला बसतील? मग हिरव्या धाग्याची कॉफीची बरणी आली, त्यात लिंबाचं लोणचं. मग तूप, मग कारळ्याची चटणी, मग मेतकूट. मी भात शिजवायला शिकलो होतो आणि गल्ली मला तोंडी लावायला पुरवत होती. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत दारात कुणी "अण्णा" म्हटलं की माझ्या पोटात एकदम ऊब यायची. चटणीपेक्षा मला त्या हाकेची भूक होती.

मागही मी त्याच सुमारास विकला. कांड्या तीच भरायची. बाहेरून भरून आणायच्या तर काही उरत नव्हतं. पिरनवाडीकडचा एक जण टेम्पो घेऊन आला आणि माग सुटा करून घेऊन गेला. पुढच्या खोलीच्या फरशीत तेवढी बोल्टची चार भोकं राहिली. त्यानंतर घर शांत झालं. इतक्या वर्षांत मी माझ्या घरात पहिल्यांदाच नळ टपकताना ऐकला. आता मोठ्यानं बोलायची सोय झाली होती आणि बोलायला कुणी नव्हतं.

आता बरण्यांचं. चटणी संपली की मी बरणी घासून, पुसून, उन्हात वाळवून ठेवायचो. धागा भिजू नये म्हणून गळ्याकडे जपून हात फिरवायचो. परत द्यायची तर रिकामी कशी द्यायची? आत घालायचं काय? मला भात आणि चहा यापलीकडे काही येत नव्हतं. दुकानातून गूळ आणून घालावा, तर तेही मनाला पटेना. आपल्या घरचं काही नसताना विकतचं घालून दिलं की ते दिल्यासारखं होत नाही, फेडल्यासारखं होतं. बायको अशा वेळी काय करायची ते मला माहीत नव्हतं. तिच्या हातून रिकामं काही गेल्याचं मी पाहिलं नाही एवढं खरं. म्हणून मी ठरवलं, काहीतरी जमेल तेव्हा देऊ. बरण्या फळीवर जमत गेल्या.

मुलगी रात्री जेवणाच्या वेळी फोन करते. व्हिडिओवर घर दाखवायला सांगते, म्हणजे बाप जेवतो की नाही हे तिला कळतं. तिनं त्या बरण्यांची रांग पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून मला मोबाईलवर व्हिडिओ यायला लागले. रिकाम्या बरण्यांचं काय काय करता येतं. जगात लोकांना इतका रिकामा वेळ आहे हे मला तेव्हा कळलं. कुणी बरण्यांना रंग देतंय, कुणी सुतळी गुंडाळतंय, कुणी त्यात वाळू भरून त्यावर शिंपले मांडतंय. "आप्पा, करून बघा की, हात चालू राहतील," मुलगी म्हणाली. हात चालू राहावेत ही गोष्ट मात्र खरी होती. इतकी वर्षं चालत आलेले हात एकदम थांबले की रात्री दुखतात.

म्हणून मी करायला लागलो. कॉफीच्या बरणीत पाणी घालून मनीप्लांटची फांदी लावली, ती जगली. एका जामच्या बरणीत दात घासायचा ब्रश आणि कंगवा. एकीत बटणं, एकीत सुया आणि कात्री. मुलीनं निपाणीहून बारीक दिव्यांची माळ पाठवली होती, ती लोणच्याच्या बरणीत कोंबून खिडकीत ठेवली. संध्याकाळी लावली की बरी दिसायची, पण एकट्यानं बघायला ती जरा जास्तच झाली, म्हणून मी ती फक्त फोनच्या वेळी लावायचो. एका बरणीत मागावरचं उरलेलं सूत थरावर थर भरलं. खाली डाळिंबी, मग मोरपंखी, वर जरीचे तुकडे. आमच्या मागावर शेवटी निघालेल्या साड्यांचे ते रंग. ती बरणी मात्र मला खरोखर आवडली.

सगळ्यात मोठं काम केलं ते फळीचं. व्हिडिओत एकानं दाखवलं होतं. बरणीचं झाकण फळीच्या खालच्या अंगाला खिळ्यांनी ठोकायचं आणि बरणी खालून फिरवून त्यात अडकवायची. बरणी लटकत राहते, हवी तेव्हा फिरवून काढायची. यंत्रावरच्या माणसाला हे पटणारच. माग गेला तरी त्याचे सुटे नट, बोल्ट, वॉशर, धोट्याची लोखंडी टोकं माझ्याजवळ होती. टाकवत नव्हती. मी पुढच्या खोलीत, माग होता त्या भिंतीला फळी मारली आणि तिच्याखाली झाकणं ठोकली. प्रत्येकाला दोन-दोन खिळे, म्हणजे फिरायला नको. सगळ्या बरण्या एका ओळीत लटकल्या, आत लोखंड. चारी बाजूंनी फिरून बघितलं. माग विकल्यापासून त्या भिंतीकडे बघवत नव्हतं, त्या दिवशी बघवलं. कुणाला तरी दाखवावं असं फार वाटलं. दाराशी जाऊन उभा राहिलो. गल्लीतून दोघं-तिघं गेली, पण फळी बघायला या म्हणून कुणाला कसं बोलावणार?

नेमकं कधी ते सांगता येत नाही, पण बरण्या यायच्या बंद झाल्या होत्या. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. एखाद्या घरात तुम्ही बरणी पाठवता, ती परत येत नाही. आणखी एक पाठवता, तीही येत नाही. तिसरी पाठवताना बाईमाणूस विचार करणारच. घरात बरण्याही काही झाडाला लागत नाहीत. शिवाय वर्ष होत आलं होतं. दुःखाला लोक किती दिवस चटणी पुरवणार? मी दुकानातून तयार चटणीची पुडी आणायला लागलो. दारात "अण्णा" म्हणणारं कुणी उरलं नाही. आक्का समोरून दिसायच्या, मान हलवायच्या, मीही हलवायचो. दिवसेंदिवस फोनवरच्या मुलीशी सोडून कुणाशी शब्द नसायचा. एकदा दूधवाल्याला "किती?" विचारताना माझा आवाज फाटला. सकाळपासून तो वापरलाच नव्हता. तेव्हा मात्र मला भीती वाटली. असंच चाललं तर या गल्लीत माझं घर एक बंद घर होईल, आत माणूस असून, असं वाटलं.

मुलगी मध्ये दोन दिवस आली होती. बसमधून उतरून घरात पाऊल टाकलं आणि फळीकडे बघून "अग्गो, भारीच की आप्पा" म्हणाली. मी खूश. मग ती जवळ गेली, एका बरणीला हात लावला आणि थांबली. गळ्यातला धागा तिच्या बोटाला लागला होता.

"हा जांभळा तर समोरच्या आक्कांचा न्हाय?"

"व्हय."

ती एकेक बरणी फिरवून बघत गेली. हिरवा, निळा, पांढरा, परत हिरवा. "आप्पा, ही सगळी लोकांची भांडी. तुम्ही परत दिली न्हाईत?"

"रिकामी कशी द्यायची? मला काय करता येतंय का?"

"आणि म्हणून झाकणं ठोकून ठेवली?" ती खाली बसली आणि इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. आईची आठवण आली असावी. मलाही आली. आम्ही दोघं बोल्टच्या भोकांच्या मधल्या फरशीवर थोडा वेळ तसेच बसून राहिलो.

जाताना तिनं मला बजावलं, की शेंगाची चटणी कुणालाही येते, तुम्हालाही येईल. शेंगदाणे भाजायचे, सोलायचे, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून तेल सुटेपर्यंत कुटायचे. बस. ऐकायला सोपं होतं. रविवारच्या बाजारातून मी शेंगदाणे आणले आणि कढई ठेवली. पहिल्या खेपेला जाळ मोठा ठेवला. बाहेरून काळे, आतून कच्चे. घरभर धूर. दुसऱ्या खेपेला जाळ कमी केला आणि दाणे हलवत राहिलो. तेव्हा मला कळलं की हे काम मागाच्या जवळचं आहे. लक्ष हटवायचं नाही, कानानं ऐकायचं. दाणे तडतडायला लागतात, मग त्यांचा आवाज बारीक होतो, तेव्हा उतरवायचे. खलबत्ता तिचाच. तिची बसायची जागाही तीच, खिडकीखाली. कुटता कुटता दाण्यांना तेल सुटलं आणि लसणाचा वास उठला. मी बोटावर घेऊन चाखली. तिच्यासारखी नव्हती. पण चटणी होती.

भरायला आक्कांची मधाची बरणी काढली. फिरवली, आली. आतलं लोखंड काढून ती पुन्हा घासून, वाळवून घेतली. झाकण मात्र फळीला ठोकलेलं. पकडीनं ओढून बघितलं, खिळे घट्ट बसले होते, आणि काढलं असतं तरी त्याला दोन भोकं. माझ्याच हातचं काम, आता नाव कुणाला ठेवणार? शेवटी बरणीच्या तोंडावर स्वच्छ फडक्याचा तुकडा ठेवला आणि सुतानं बांधला. जांभळ्या धाग्याच्या वर एक हळदी धागा आला. स्वच्छ सदरा घातला. गल्ली ओलांडायला दहा पावलंही लागत नाहीत, तरी मी आधी पाणी प्यायलो.

दुपार होती. आक्का उंबऱ्यावर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत त्यांच्या मुलाचा माग चालू, म्हणून मी जवळ जाऊन मोठ्यानं बोललो. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.

"आक्का, तुमची बरणी. लई दिवस राहिली."

त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. वर धरून आत काय आहे ते पाहिलं. "चटणी? कुणी केली?"

"मीच."

त्यांनी काही विनोद केला नाही. फडकं सोडलं, वास घेतला, थोडी तळहातावर घेऊन तोंडात टाकली. "लसूण जास्ती झालाय," म्हणाल्या. "पण चांगली झालीय." मग बरणी मांडीवर ठेवून सहज विचारलं, "झाकण कुटं गेलं हो?"

फळीला ठोकलंय हे मला सांगवेना. भोकं पाडलेलं झाकण आठवून कान गरम झाले. तोंडाला आलं ते बोलून गेलो.

"येईल."

आक्कांचा हात बरणीवरच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बरणीकडे, मग परत माझ्याकडे. आत माग धडधडत होता. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं.

"वैनीनं सांगितलंतं तुमाला?" त्यांनी विचारलं.

"काय सांगितलंतं?"

त्या उठल्या, आत गेल्या आणि हातात एक झाकण घेऊन आल्या. पिवळं, पत्र्याचं, कडेला थोडं गंजलेलं. मी ते लगेच ओळखलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओव्याच्या बरणीचं. त्या बरणीवर ती दवाखान्यात गेली तेव्हापासून वाटी पालथी आहे. तिनं घातलेली वाटी म्हणून मी ती हलवली नव्हती.

"वैनी काय बी घेऊन यायच्या," आक्का म्हणाल्या. "मी बरणी रिकामी करून द्यायची, काय तरी घालून. तर बरणी घेऊन जायच्या आणि झाकण हितंच ठेवायच्या, चुलीम्होरं. पहिल्यांदा वाटलं इसरल्या. मग मी नेऊन द्यायची. नेऊन दिलं की बसा म्हणायच्या. घटकाभर बसायची मी, त्यांच्या कांडीच्या चरख्यापाशी. माग चालू असायचा तुमचा. ऐकू काय येत न्हवतं, पण बसायची. एकदा मीच म्हटलं, वैनी, तुमी लई इसरता बघा. तर म्हणाल्या, इसरत न्हाय. झाकण ठेवून आलं म्हंजे कोण तरी येतंय माझ्याकडं. उगंच कशाला कोण येईल?"

मी त्यांच्या हातातल्या पिवळ्या झाकणाकडे बघत होतो.

"मग मी पण तसंच करायला लागलो," आक्का म्हणाल्या. त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "माझं झाकण तुमच्यात, तुमचं माझ्यात. हे शेवटचं. त्या दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ठेवून गेल्या. मग कसं आणून देऊ? कुणाजवळ बसू? धीर झाला न्हाय."

त्या उन्हात उंबऱ्यापाशी मी उभा होतो आणि मला माझं घर दिसत होतं. पुढची खोली, माग, मी. सबंध दिवस मी तिथेच होतो. तिच्यापासून तीन हातांवर. ती अंगठा दाखवायची, मी मान हलवायचो, आणि मला वाटायचं की आम्ही दोघं सतत बरोबर असतो. तिला मात्र कुणीतरी यावं म्हणून गल्लीपलीकडे एक झाकण ठेवून यावं लागत होतं. वर्षभर मी समजत होतो, की या घरात एकटं पडलेला पहिला माणूस मी. माझ्या आधी ती होती, त्याच घरात, माझ्या समोर. मला तिची इतकी आठवण वर्षभरात आली नव्हती.

आक्कांनी झाकण पुढे केलं. मी हात पुढे केला, आणि मग मागे घेतला.

"राहू द्या तुमच्यातच," मी म्हणालो. "सवड झाली की आणून द्या."

त्या जरा थांबल्या. आतून सुनेनं हातानं बोलावलं होतं, तिकडे बघितलं. मग झाकण पदराच्या टोकानं पुसलं आणि परत आत नेऊन ठेवलं. "बरं," बाहेर येऊन म्हणाल्या, "येतो. आणि माझं कुटं हाय?"

मग मात्र मी फळीचं सगळं खरं सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "ते मीच बघायला येतो," म्हणाल्या.

घरी आलो. पुढच्या खोलीत जुनी सतरंजी अंथरली, बोल्टच्या भोकांवरून. दाराची दोन्ही कवाडं उघडी टाकली. हिरव्या धाग्याच्या बरण्या काढून घासायला घेतल्या. अजून शेंगदाणे आणावे लागणार होते.

जेवणाच्या वेळेला मुलीचा फोन आला. मी तिला चटणी दाखवली, मग ती म्हणाली स्वयंपाकघर दाखवा. मी फोन फळीवरून फिरवला. ओव्याच्या बरणीपाशी ती म्हणाली, "थांबा थांबा. आप्पा, त्या बरणीवर अजून वाटीच? झाकण कुठं गेलं तिचं?"

"येईल," मी म्हणालो.